ग्रॅमाला बाबा आवडत नाहीत का?

"माझ्या आईचा दोन्ही नातींवर जीव आहे. तरी धाकटी उजळ म्हणून तिला मांडीवर घेते, आणि थोरली अंगणात खेळायला लागली की 'उन्हातून आत ये, अजून काळी होशील' म्हणते. थोरली आता फोटोत यायला तयार नसते. मी आईशी भांडू, तिचं येणं बंद करू, की मुलीला समजावू?"

सांगणारी आई बदलते, प्रश्न हाच असतो. वॉशिंग्टन शहराला पूर्वेकडून लागून मेरीलँड राज्यातली प्रिन्स जॉर्जेस काउंटी आहे. तिथे मी तेरा वर्षं कुटुंबांचं समुपदेशन करते आहे. इथली बहुसंख्य वस्ती आफ्रिकन-अमेरिकन. शिकलेली, सरकारी नोकरीतली, स्वतःचं घर-अंगण असलेली कुटुंबं त्यात पुष्कळ. पुण्याहून कुणी आलं आणि माझ्या कामाबद्दल ऐकलं की हमखास विचारतात, "अगं, पण ते सगळेच काळे ना? त्यांच्यात आणखी कसला रंगभेद?" या प्रश्नाचा मला राग येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला एकच रंग दिसतो. घरातल्या माणसांना सख्ख्या बहिणींच्या रंगातला फरकही दिसतो आणि त्या फरकाला नावंही असतात: हाय यलो, रेडबोन, कॅरामल, ब्राउन, ब्लू-ब्लॅक. आपल्याकडे गोरापान, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा आहेत ना, तशीच.

पुढे सांगते आहे ते एका कुटुंबाबद्दल. त्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं कुणाचीच देत नाही.

आईने मला पहिला फोन केला तो गुडघ्यांवरून. आठ वर्षांची थोरली अंघोळीला गेली की अर्धा-अर्धा तास बाहेर येईना. एका संध्याकाळी आईने दार ढकललं तर मुलगी टबच्या काठावर बसून भांडी घासायच्या हिरव्या घासणीने गुडघे घासत होती. कातडी सोलवटली होती, पायावरून ओघळणारं पाणी गुलाबी झालं होतं. काय करतेस, असं विचारल्यावर ती अगदी शांतपणे म्हणाली, "मळ निघत नाहीये."

पहिल्या भेटीला आई एकटीच आली. हिशेबाच्या कामात मुरलेली, नेमकं बोलणारी बाई. थोरली बाबांच्या रंगावर गेली आहे, गडद तपकिरी. पाच वर्षांची धाकटी आजीच्या माहेरच्या माणसांवर, मधाच्या रंगाची. त्या ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, घरामागच्या अंगणात सगळं गणगोत जमलं होतं, शेगडीवर मांस भाजलं जात होतं, मुलांसाठी फुगवायचा हौद होता. आजीने दोघींसाठी भेटी आणल्या होत्या. धाकटीला पिवळाधमक पोहण्याचा पोशाख, थोरलीला रुंद काठाची गवती टोपी. "आईने टोपी तिच्या डोक्यावर बसवली, हनुवटीखाली नाडी बांधली, आणि तिला सावलीत माझ्या मावशीजवळ बसवलं. ती दिवसभर तिथे बसून राहिली. मी सॅलड करत होते. मी काही बोलले नाही," असं म्हणून त्या थांबल्या. पुढे म्हणाल्या, "मी रोज तिला सांगते, तू सुंदर आहेस. रोज. आरशावर चिठ्ठ्या लावल्यात. तरी ही घासणी कुठून आली?"

बोलता बोलता त्यांनी नातेवाइकांचं एक वाक्य सांगितलं. 'काळी असून किती छान दिसते!' माझ्या कानात ते लगेच मराठीत उमटलं: 'रंगाने सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे हो.' हे वाक्य मी किती बैठकींत, किती मुलींसमोर ऐकलं आहे! त्या 'असली तरी'मध्ये सगळं येतं. कौतुक करणारीने आधी मुलीचा रंग खर्ची टाकलेला असतो आणि मग नाकाडोळ्यांची जमा दाखवलेली असते. मुलगी दोन्ही ऐकते.

त्यांनी मला सरळ विचारलं, "तुम्ही भारतातल्या. तुमच्याकडेही असतं का हे?" मी म्हटलं, असतं. बाळ जन्मलं की आमच्याकडे कुणीतरी आजी-मावशी त्याच्या कानाची पाळी दुमडून बघते, पुढे रंग कसा होणार याचा अंदाज घ्यायला. त्या दोन क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. "कान आणि नखांची मुळं," त्या म्हणाल्या. "माझ्या आईने दोघींचे बघितले होते. हॉस्पिटलात. थोरलीचे बघितले आणि पांघरूण परत नीट केलं." हजारो मैलांवरच्या दोन समाजांतल्या आज्या तान्ह्या बाळाच्या त्याच कानाकडे हात नेतात, हे ऐकून मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं.

तरी एक खबरदारी मी घेते. आपला रंगाचा सोस आणि त्यांचा सोस दिसायला सारखा, पण मुळं वेगळी आहेत. ती नीट माहीत नसतील तर आजीला समजून घेता येत नाही, आणि आजीला बाजूला ठेवून या घरात काहीच होणार नव्हतं. त्या मुळांकडे येतेच.

मुलीशी मी रंगानेच सुरुवात केली, म्हणजे खडूंनी. लहान मुलांच्या कामात खडूंची पेटी लागतेच. अमेरिकेत क्रेयोला कंपनीच्या पेटीत एक फिकट गुलाबी खडू असे, त्याचं नाव 'फ्लेश', म्हणजे 'अंगाचा रंग'. कुणाच्या अंगाचा, हे विचारायची पद्धत नव्हती. १९६२ मध्ये ते नाव बदलून 'पीच' झालं. २०२० मध्ये त्याच कंपनीने त्वचेच्या चोवीस छटांची वेगळी पेटी काढली. ती माझ्या टेबलावर असते.

मी तिला घरातली माणसं काढायला सांगितली. तिने मन लावून काढली. आईसाठी खडू हातावर घासून बघितला, परत ठेवला, दुसरा घेतला. धाकटीचा रंग अगदी बरोबर जुळवला. बाबांना गडद तपकिरी दिला, दोनदा गिरवला. मधोमध एक मुलगी होती, दोन वेण्या, निळा फ्रॉक. फ्रॉक रंगवला, बूट रंगवले, वेण्यांचे मणीसुद्धा रंगवले. चेहरा आणि हात कोरे.

"ही राहिली का?" मी विचारलं.

"नंतर भरते," ती म्हणाली आणि पेटीचं झाकण लावलं.

माझ्या कार्यालयापासून वॉशिंग्टनमधलं हॉवर्ड विद्यापीठ अर्ध्या तासावर आहे. मानसशास्त्रज्ञ मेमी क्लार्क यांनी १९३९ मध्ये तिथेच काळ्या मुलांना स्वतःच्या रंगाची जाण कशी येते यावर एम.ए.चा प्रबंध केला. पुढे त्या आणि त्यांचे पती केनेथ क्लार्क यांनी मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या, रंग सोडला तर हुबेहूब सारख्या, आणि विचारलं, यातली चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती. बहुतेक काळ्या मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली, आणि 'तुझ्यासारखी कोणती' म्हटल्यावर काही जण रडू लागले. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या 'ब्राउन' निकालात या कामाचा आधार घेतला गेला. बाहुल्या सगळ्यांना आठवतात. पण क्लार्क पती-पत्नींनी मुलांना रंगपेटीही दिली होती, स्वतःला रंगव म्हणून, आणि गडद रंगाच्या कितीतरी मुलांनी स्वतःला आहेत त्याहून फिकट रंगवलं होतं. माझ्या समोरच्या मुलीने तेवढंही केलं नव्हतं. तिला खोटंही लिहायचं नव्हतं आणि खरंही.

चौथ्या भेटीत आम्ही खाली बसून कोडं जुळवत होतो. तुकडा शोधता शोधता, माझ्याकडे न बघता तिने आजीबद्दल, म्हणजे तिच्या ग्रॅमाबद्दल, विचारलं, "ग्रॅमाला बाबा आवडत नाहीत का?"

मी म्हटलं, "तुला असं का वाटतं?"

"कारण मी बाबांच्या रंगाची आहे."

या एका वाक्यासाठी मी हा सगळा अनुभव लिहायला घेतला. आपण मोठी माणसं समजतो की मुलीला दिसण्याचा प्रश्न पडलाय. म्हणून आपण तिला सुंदर सुंदर म्हणत सुटतो, आरशावर चिठ्ठ्या लावतो. आठ वर्षांच्या मुलीला सुंदर असण्याचं एवढं काही पडलेलं नसतं. तिला प्रश्न पडलेला होता, मी या घरातली आहे ना? रंग बाबांकडून आलाय, आजीला रंग नको आहे, म्हणजे आजीला बाबा नको आहेत, म्हणजे मी अर्धी नको आहे. इतकं सरळ गणित. त्यावर 'तू सुंदर आहेस' हे उत्तर म्हणजे पोट दुखणाऱ्याच्या कपाळाला बाम लावण्यासारखं आहे.

तिच्या संमतीने मी हे वाक्य आईबाबांसमोर ठेवलं. बाबा तोपर्यंत दोनदाच आले होते. उंच, हसरे, मेट्रोत दुरुस्तीच्या कामावर. 'पोरींच्या गोष्टी आईला कळतात' असं म्हणून गप्प राहायचे. वाक्य ऐकलं आणि त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "मला शाळेत 'मिडनाइट' म्हणायचे. मध्यरात्र. गोरी पोरं नाही. आपलीच. बारावीपर्यंत. वार्षिक अंकात फोटोखाली तेच छापलं होतं." बायकोला लग्नाला बारा वर्षं होऊन हे माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं वार्षिक अंक हरवलाय.

मी त्यांना विचारलं, हे मुलीला सांगाल का? तिला कळेल अशा शब्दांत, पण खरं? त्यांना वाटत होतं की मुलीसमोर आपण कमकुवत दिसू. पुढच्या भेटीत ते तिच्याजवळ जमिनीवर बसले. नाव सांगितलं. कोण म्हणायचं ते सांगितलं. आपण हसून घालवायचो आणि घरी येऊन बाथरूमचं दार लावून रडायचो, तेही सांगितलं. मुलीने एवढंच विचारलं, "मग तू काय केलंस?" ते म्हणाले, "काहीच नाही. मी कुणाला सांगितलंच नाही. ते चुकलं माझं. तू सांगितलंस." तिने उठून त्यांचा हात घेतला, उलटा केला, आपल्या हाताशेजारी धरून बघितला आणि पुन्हा कोड्याकडे वळली. घासणी त्याच आठवड्यात बंद झाली असं म्हणणार नाही. पुढे दोनदा गुडघे सोललेले दिसले. पण दार आतून लावणं तिने सोडलं.

आता आजी.

त्या आल्या त्या चर्चला जावं तशा नटून, मोजे, पर्स, सुरेख टोपी. दक्षिणेतल्या माणसांत थोरांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. मी त्यांना 'मॅम' म्हणत असे आणि त्या मला 'बेबी'. पहिली दहा मिनिटं त्या रागातच होत्या. "मी माझ्या नातीचं वाईट चिंतीन का?" मी म्हटलं, नाही, मॅम. म्हणूनच मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. तुम्हाला उन्हाची भीती कुणी घातली?

त्यांचं बालपण साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटनचं. या शहराचा इतिहास थोडा सांगायला हवा. गुलामगिरीत मालकांनी गुलाम स्त्रियांवर केलेल्या बळजबरीतून मुलं होत. व्हर्जिनियाने १६६२ मध्येच कायदा करून ठेवला होता की मूल आईच्या स्थितीत जन्मतं; आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणी का असेना. तरी अशा उजळ मुलांपैकी काहींना शेताऐवजी घरकाम मिळे, एखादा धंदा शिकायला मिळे, क्वचित स्वातंत्र्य मिळे. त्यातून उजळ, मुक्त आणि बऱ्या स्थितीतल्या लोकांचा एक थर तयार झाला. चार्ल्सटनमध्ये १७९० मध्ये त्यांनी 'ब्राउन फेलोशिप सोसायटी' काढली. एकमेकांच्या अडीनडीला मदत, विधवांना आधार, स्वतःची दफनभूमी. सभासद मात्र उजळ तपकिरी रंगाचेच. १८४३ मध्ये गडद रंगाच्या मुक्त पुरुषांना आपली वेगळी संस्था काढावी लागली. गुलामी १८६५ मध्ये संपली, पण मालकाने ओढलेली रेघ घराच्या आत तशीच राहिली. विसाव्या शतकात काही क्लबांच्या, मेजवान्यांच्या दारात किराणा दुकानातल्या तपकिरी कागदी पिशवीशी माणसाचा रंग ताडून बघत, अशा आठवणी कितीतरी घरांत सांगतात. पिशवीहून गडद असाल तर परत. अमेरिकेच्या जनगणनेनेसुद्धा १८५० पासून काळे आणि 'मुलाटो' (मिश्र वंशाचे) असे वेगळे रकाने ठेवले होते. समाजाने समाजातच केलेल्या या भेदाला 'कलरिझम' हे नाव मात्र फार उशिरा, १९८० च्या दशकात, लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांच्यामुळे रूढ झालं. तोपर्यंत दुखत होतं, पण काय दुखतंय ते सांगायला शब्द नव्हता.

आजींची आई गडद रंगाची होती. शनिवारी रात्री ती मुलीचे कोपर आणि गुडघे लिंबाच्या फोडीने घासायची. ('गुडघे' म्हटल्यावर त्यांची मुलगी मान खाली घालून बसली.) मासिकांत रंग उजळवणाऱ्या क्रीमच्या जाहिराती यायच्या, त्यातली एक डबी कपाटात असायची. अठराव्या वर्षी आजी आणि त्यांची उजळ मामेबहीण एका दुकानात नोकरी मागायला गेल्या. बहिणीला पुढे काउंटरवर उभं केलं. यांना तळघरात माल लावायला पाठवलं. "शिक्षण सारखं. टायपिंग माझं बरं होतं," त्या म्हणाल्या. "तळघरात एकच दिवा होता, बेबी. सहा वर्षं."

आणि मग, लेकीकडे वळून: "मला वाटलं, तिला तरी वर उभं राहता यावं."

प्रेम असल्याने इजा कमी होत नाही. टोपीखाली बसलेल्या मुलीला तळघर दिसत नव्हतं. पण आजीची भीती हवेतली नव्हती, हेही मला मान्य करावं लागलं. नॉर्थ कॅरोलायनात १९९५ ते २००९ या काळात तुरुंगात गेलेल्या बारा हजारांहून अधिक काळ्या स्त्रियांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा उजळ नोंदलेल्या स्त्रियांना सुमारे १२ टक्के कमी शिक्षा झालेली आढळली. शाळेतून निलंबित होणाऱ्या काळ्या मुलींबद्दलही असंच दिसलं आहे. गडद रंगाच्या मुलींवर ती वेळ जास्त येते. या घरातल्या थोरलीला त्या वर्षी 'उद्धट बोलली' म्हणून दोनदा मुख्याध्यापकांकडे पाठवलं होतं. काय बोलली, ते चिठ्ठीत नव्हतं. म्हणून मी कुठल्याच आईला 'जग रंग बघत नाही' असं मुलांना सांगायला सांगत नाही. मुलं बघत असतात की जग बघतं. खोटं सांगितलं तर ती आपल्याला सांगणं बंद करतात, एवढंच होतं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात नोकरीतल्या भेदभावाबद्दल 'वंश' आणि 'रंग' हे दोन शब्द वेगवेगळे आहेत. अटलांटाजवळच्या एका उपाहारगृहातल्या गडद रंगाच्या कामगाराला त्याच्याच वंशाच्या उजळ व्यवस्थापकाने रंगावरून छळलं, तेव्हा २००३ मध्ये मालकांना चाळीस हजार डॉलर द्यावे लागले. हे मी आजींना सांगितलं. त्यांनी ते ऐकून, "उशीर केला," एवढंच म्हटलं.

मग त्या आईला मी एक वाक्य तयार करायला लावलं. आजीने रंगावरून काही म्हटलं की तिथल्या तिथे, मुलींच्या देखत, आवाज न चढवता म्हणायचं: "आई, या घरात आपण रंगावरून बोलत नाही." बस. भाषण नाही, भांडण नाही. मागाहून फोनवर समजूत काढणं चालतं, पण ते मुलीच्या कानावर पडत नाही. तिच्या लेखी आजी बोलली आणि आई सॅलड करत राहिली. ही चाळिशीला आलेली, कार्यालयात पंधरा माणसांकडून काम करून घेणारी बाई आपल्या आईला हे म्हणताना 'आई' शब्दापाशीच अडखळायची. आम्ही खोलीत पंधरा-वीस वेळा सराव केला. मी आजी व्हायचे. एकदा त्या हसल्या, एकदा रडल्या. नंतर जमलं.

दुसरं त्यांनीच शोधलं, मी नाही. उन्हाळ्यात मुलीला सनस्क्रीन लावताना त्या स्वतः पुटपुटायच्या, "म्हणजे आणखी रापणार नाहीस." सनस्क्रीन गडद त्वचेलाही लागतं, लावावंच. वाक्य काढून टाकायचं होतं. आजीला दोष देता देता स्वतःच्या तोंडातलं हे वाक्य ऐकू येणं त्यांना फार जड गेलं. ते त्यांनी लपवलं नाही, म्हणून मला त्यांचा आदर वाटतो.

धाकटीला विसरू नका, हे मी प्रत्येक घरात सांगते. लाडकं ठरवलेलं पोरही सुखात नसतं. ही पाच वर्षांची मुलगी एकदा आईला म्हणाली होती, "मी बाहेर खेळले तर ग्रॅमा मला पण टोपी देईल?" तिला कळलं होतं की हे प्रेम उन्हात टिकणारं नाही. पुढे अशा मुलींना 'तू खरी काळी आहेस का' हेही ऐकावं लागतं, शाळेत, स्वतःच्याच माणसांकडून. दोघी बहिणींना एकत्र बसवून बाबांनी आजोबा-पणजोबांचे फोटो दाखवले, प्रत्येकाचा रंग वेगळा. मुलींनी कोण कुणावर गेलंय याची यादी केली. भुवया, दात, पायाची बोटं. रंग त्या यादीत सातवा आला.

ज्यांच्या घरात अंग घासणं, उन्हाला घाबरून बाहेर न पडणं, फोटो फाडणं इथवर गोष्ट आली असेल त्यांनी वाट बघू नये, बालसमुपदेशक गाठावा. आणि कपाटं बघावीत. रंग उजळवायच्या कित्येक क्रीममध्ये हायड्रोक्विनोन नावाचं रसायन असतं, ते वर्षानुवर्षं लावून त्वचेवर निळसर-काळे, न जाणारे डाग पडू शकतात. अमेरिकेत २०२० पासून ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. आडबाजूच्या दुकानांत चोरून येणाऱ्या काही डब्यांत तर पारा असतो, तो मूत्रपिंडाला मारक. या आजींच्या न्हाणीघरात तशी एक अर्धी डबी निघाली. वय वर्षं ७७. त्या अजून लावत होत्या, मानेला.

भेटी बंद करू का, या सुरुवातीच्या प्रश्नाचं या घरापुरतं उत्तर असं झालं की भेटी चालू राहिल्या, पण सहा महिने आजी मुलींबरोबर एकट्या नव्हत्या. ही अट त्यांच्या मनाला लागली. दोन रविवार त्या आल्याच नाहीत. तिसऱ्या रविवारी आल्या. दुसऱ्या एखाद्या घरात, जिथे आजी ऐकून घेतच नाही आणि मुलगी रोज खचते आहे, तिथे मी भेटी थांबवायलाही सांगितलं आहे, आणि पुन्हा सांगेन.

शेवटच्या भेटीत आईने सांगितलं, अजूनही कधीतरी निसटतं. मध्यंतरी नात्यात एक बाळ झालं. आजींनी बाळ हातात घेतलं, टोपडं थोडं मागे सरकवलं. शेजारी उभी थोरली म्हणाली, "ग्रॅमा." नुसतं तेवढंच. आजींनी टोपडं पुढे ओढलं आणि बाळ तिच्याकडे दिलं.

ती गवती टोपी आता आजींच्या गाडीत मागच्या काचेपाशी असते. टोमॅटोच्या रोपांना पाणी घालताना त्या स्वतः घालतात. थोरलीने या उन्हाळ्यात पोहायच्या वर्गात नाव घातलं आहे, बुधवारी आणि शनिवारी. शनिवारी तिला सोडायला बाबा जातात.